वारेतून कॅल्शियम पलीकडे जातं कसं, आणि ते मधेच का साचत नाही

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात साधारण २८ ते ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं जवळजवळ ९९ टक्के हाडांत असतं. हे सगळं आईच्या रक्तातून वारेमार्गे (वार म्हणजे प्लॅसेंटा) येतं, पण नऊ महिने सारख्या वेगाने येत नाही. विसाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला ५०-६० मिलिग्रॅम पलीकडे जातं, तर पस्तिसाव्या आठवड्याच्या आसपास हाच आकडा ३०० ते ३५० मिलिग्रॅमवर पोहोचतो. एकूण साठ्यापैकी सुमारे ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांतच जमा होतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांची हाडं कच्ची राहतात ती मुख्यतः याचमुळे.

३०० मिलिग्रॅम हा आकडा किरकोळ वाटतो. पण आईच्या रक्तद्रवात कोणत्याही एका क्षणी असलेलं सगळं कॅल्शियम मोजलं, तर तेही साधारण एवढंच भरतं. म्हणजे शेवटच्या दिवसांत बाळ रोज आईच्या रक्तद्रवातल्या अख्ख्या साठ्याइतकं कॅल्शियम उचलत असतं, आणि तरीही आईच्या रक्तातली मुक्त, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेल्या, कॅल्शियमची पातळी हलत नाही.

वारेपुढे दोन अडचणी असतात. पहिली सगळ्यांना चटकन कळते. बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम आईपेक्षा जास्त असतं, त्यामुळे ते चढावर ढकलावं लागतं. दुसरी अडचण त्याहून अवघड आहे, आणि कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं लागतात ती तिच्यासाठीच.

एका सेकंदाचा हिशेब

आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोघांच्या मधे वारेतल्या अंकुरांवर पसरलेला सिन्शियोट्रोफोब्लास्ट नावाचा थर असतो. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून तो बनतो. त्याला अनेक केंद्रकं असतात, पण पेशींमधल्या भिंती नसतात. एका पेशीच्या फटीतून कॅल्शियम सटकून जाईल अशी सोय इथे फारशी नाही. जे जायचं ते बहुतांशी या थराच्या पोटातूनच जातं. दिवस भरत येतात तेव्हा या थराचं क्षेत्रफळ साधारण ११ ते १३ चौरस मीटर असतं आणि जाडी काही मायक्रोमीटर.

आता अडचण बघा. रक्तातलं मुक्त कॅल्शियम लिटरला एक मिलिमोलपेक्षा थोडं जास्त असतं. (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक, आणि नॅनोमोल म्हणजे मिलिमोलचा दहा लाखावा भाग.) पेशीच्या आतलं मात्र लिटरला सुमारे १०० नॅनोमोल, म्हणजे बाहेरच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकं. ही दरी राखणं पेशीसाठी जीवनमरणाचा प्रश्न असतो, कारण पेशी कॅल्शियमचा वापर निरोप म्हणून करते. आतली पातळी पाच-दहा पटींनी वर गेली की संप्रेरकं बाहेर सोडली जातात, जनुकं चालू-बंद होतात. ती वरच राहिली तर मायटोकॉन्ड्रिया बिघडतात आणि पेशी मरते.

थराचं एकूण आकारमान हिशेबापुरतं ५० मिलिलिटर धरू. लिटरला १०० नॅनोमोलने त्यात मुक्त कॅल्शियम भरतं फक्त ५ नॅनोमोल, म्हणजे अख्ख्या वारेच्या त्या थरात ०.२ मायक्रोग्रॅम. दुसरीकडे, दिवसाला ३०० मिलिग्रॅम म्हणजे ७.५ मिलिमोल, आणि सेकंदाला जवळजवळ ८७ नॅनोमोल. थोडक्यात, थरात जेवढं मुक्त कॅल्शियम आहे त्याच्या सतरा पट दर सेकंदाला त्यातून जातंय. बाहेर काढणारे पंप एकच सेकंद थांबले आणि आत धरून ठेवणारं काही नसेल, तर पातळी १०० वरून १८०० नॅनोमोलपर्यंत उडेल.

आता याच थरात लिटरला १०० मायक्रोमोल इतक्या कॅल्शियम बसण्याच्या जागा आहेत असं समजा. ५० मिलिलिटरमध्ये त्या ५००० नॅनोमोल होतात. मग एका सेकंदाची ८७ नॅनोमोलची भर त्यांच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरते आणि मुक्त पातळी जेमतेम हलते. १०० मायक्रोमोल हा आकडा समजण्यासाठी घेतलेला आहे, पण प्रथिनं काय करतात ते त्यावरून नेमकं दिसतं.

आत शिरणं

आईकडच्या बाजूला, सूक्ष्म लवांनी भरलेल्या पटलावर कॅल्शियमचे दरवाजे असतात. त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा टीआरपीव्ही-६. हा दरवाजा कॅल्शियमबाबत फार चोखंदळ आहे. त्याला उघडायला विद्युत संकेत लागत नाही, तो बराचसा उघडाच असतो. कॅल्शियम उतारावरून आपोआप आत येतं, त्याला ऊर्जा लागत नाही. आत कॅल्शियम वाढलं की दरवाजा स्वतःच मिटू लागतो. म्हणजे दाराजवळचं कॅल्शियम चटकन उचलून नेणारं कोणी नसेल, तर दार बंद होऊन वाहतूकच मंदावते. धरणारी प्रथिनं पेशीला वाचवतात आणि दारही उघडं ठेवतात. माझ्या मते हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा आहे, पण त्याबद्दल बोललं जातं कमी.

टीआरपीव्ही-६ नसलेल्या उंदरांच्या गर्भांत वारेमार्गे होणारी कॅल्शियमची वाहतूक सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली आढळली. पूर्ण थांबली नाही, म्हणजे इतरही वाटा आहेत.

धरून ठेवणारी प्रथिनं

यांतल्या बऱ्याच प्रथिनांची रचना एकाच साच्यातली असते. तिचं नाव ईएफ-हँड. १९७३ साली एका माशाच्या स्नायूतल्या पार्व्हअल्ब्युमिन या प्रथिनात ती पहिल्यांदा स्पष्ट दिसली. दोन सर्पिलाकार तुकडे आणि त्यांच्या मधे बारा अमिनो आम्लांचा फास, एवढीच ती रचना. फासातल्या ॲस्पार्टेट, ग्लुटामेट वगैरे आम्लांचे ऑक्सिजन अणू आत वळलेले असतात आणि सात ऑक्सिजन मिळून एका कॅल्शियमला घेरतात. बाराव्या जागेवर बहुतेकदा ग्लुटामेट असतं आणि ते एकटं दोन ऑक्सिजन पुरवतं. मॅग्नेशियमचा आयन लहान, त्याला सहाच ऑक्सिजन जवळ हवे असतात, म्हणून या मोठ्या घरात तो नीट बसत नाही. ही निवड अत्यावश्यक आहे, कारण पेशीत मुक्त मॅग्नेशियम मुक्त कॅल्शियमच्या हजारो पट असतं.

साचा एक असला तरी कामं दोन प्रकारची. काही प्रथिनं कॅल्शियम नुसतं धरतात आणि सोडतात. कॅल्शियम बसल्यावर त्यांचा आकार फारसा बदलत नाही. कॅलबिंडिन-डी९के हे याचं ठळक उदाहरण. ९ किलोडाल्टनचं छोटंसं प्रथिन, दोन फास, दोन कॅल्शियम. त्याचा मोठा नातलग कॅलबिंडिन-डी२८के. त्याला सहा फास असतात, पण त्यांतले चारच कॅल्शियम पकडतात. नावं सारखी असली तरी दोघांची जनुकं वेगळी आहेत. कॅलबिंडिनची पकड बेताची असते, मुक्त पातळी काही शे नॅनोमोलवर गेली की त्याच्या जवळपास अर्ध्या जागा भरतात. दाराशी पातळी किंचित जास्त, तिथे ते भरतं. पलीकडच्या पटलाशी पंपांमुळे पातळी कमी, तिथे ते रिकामं होतं. स्टेशनवरच्या हमालासारखं त्याचं काम आहे. ओझं इकडे उचलायचं, तिकडे टेकवायचं आणि मोकळ्या हातांनी परत यायचं. पकड फार घट्ट असती तर पलीकडे ओझं सुटलं नसतं, आणि फार सैल असती तर इकडे उचललंच गेलं नसतं.

दुसऱ्या प्रकारच्या प्रथिनांना कॅल्शियम बसल्याचं कळतं आणि ती पुढे काहीतरी घडवून आणतात. कॅलमोड्युलिन हे त्यांच्यातलं मुख्य. १४८ अमिनो आम्लं, चार कॅल्शियम. कॅल्शियम बसताच त्याचा आकार उघडतो, आतला तेलकट भाग बाहेर येतो आणि ते दुसऱ्या प्रथिनाला मिठी मारतं. वारेत ही मिठी कॅल्शियमच्या पंपाला बसते, त्याकडे आपण लगेच येऊ.

याखेरीज अंतर्द्रव्य जालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, कॅलरेटिक्युलिन असतं. त्याची पकड सैल, पण साठवण्याची क्षमता मोठी. एस-१०० कुळातली अनेक प्रथिनं इथे सापडतात. त्यांतलं एस-१००पी १९९२ साली मानवी वारेतूनच पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. आणि ॲनेक्सिन-ए५. हे ईएफ-हँडच्या कुळातलं नाही. कॅल्शियमच्या मध्यस्थीने ते पटलातल्या फॉस्फोलिपिडांना चिकटतं आणि आईकडच्या पृष्ठभागावर जाळीसारखा थर करून तिथे रक्त गोठू देत नाही. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये प्रतिपिंडं ही जाळी विस्कटतात, आणि त्या आजारात वारंवार गर्भपात होण्यामागचं हे एक मानलेलं कारण आहे. बाळाला कॅल्शियम पोहोचवण्याशी ॲनेक्सिन-ए५ चा थेट संबंध कमी, पण 'वारेतली कॅल्शियम धरणारी प्रथिनं' या यादीत ते असतंच, म्हणून फरक लक्षात ठेवावा.

इथे एक सावधगिरीची सूचना. कॅलबिंडिन-डी९के बद्दलची बरीचशी माहिती उंदीर-घुशींवरून आली आहे. त्यांच्या वारेत गर्भारपणाच्या शेवटच्या दिवसांत हे प्रथिन अनेक पटींनी वाढतं, कॅल्शियमची वाहतूकही त्याच काळात वाढते, आणि त्यावरून कॅलबिंडिन म्हणजेच सर्व काही असं चित्र तयार झालं. पुढे हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर तेही व्यवस्थित जन्मले आणि वाढले. म्हणजे एक प्रथिन गेलं तरी दुसरी प्रथिनं भार उचलतात. मानवी वारेत तर डी९के, डी२८के, एस-१०० कुळ आणि कॅलमोड्युलिन अशी सरमिसळ दिसते. तेव्हा एखाद्या लेखात एकाच प्रथिनाला 'वारेतला कॅल्शियमचा वाहक' म्हटलेलं दिसलं, तर ते थोडं जपूनच घ्यावं.

बाहेर काढणं

बाळाकडच्या पटलावर पीएमसीए नावाचे पंप असतात. एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करून एक कॅल्शियम बाहेर. या पंपांची चार जनुकं आहेत आणि चारही वारेत चालू असतात. पंपाला स्वतःचीच एक शेपटी असते, ती दुमडून त्याचं तोंड अडवून बसते. कॅल्शियमने भरलेलं कॅलमोड्युलिन त्या शेपटीला बिलगलं की ती बाजूला होते आणि पंपाची कॅल्शियमवरची पकड कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे आत कॅल्शियम थोडं वाढलं तरी पंप आपोआप जोर धरतात. सोबतीला एनसीएक्स असतो. तो तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर सोडतो.

या ढकलण्याला ऊर्जा किती लागते? ७.५ मिलिमोल कॅल्शियमला ७.५ मिलिमोल एटीपी. एका ग्लुकोजपासून साधारण ३० एटीपी धरले तर दिवसाला ४५ मिलिग्रॅम ग्लुकोज पुरतं. चिमूटभर. म्हणून 'वारेला ऊर्जा पुरली नाही म्हणून कॅल्शियम कमी पडलं' हे स्पष्टीकरण मला पटत नाही. वाढ खुंटलेल्या बाळांच्या वारेवर झालेल्या एका अभ्यासात तर बाळाकडच्या पटलावरचे पंप उलट जास्तच काम करताना दिसले. बाळाला कमी मिळतंय म्हटल्यावर वार जोर लावते, असा त्याचा एक अर्थ निघतो.

हुकूम कोणाचा

प्रौढ शरीरात कॅल्शियम म्हटलं की पॅराथायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व ही जोडी आठवते. वारेत ही जोडी मागच्या बाकावर असते. तिथे पुढे असतं पीटीएचआरपी, म्हणजे पॅराथायरॉइड संप्रेरकासारखं दिसणारं पण वेगळं प्रथिन. ते वारेत आणि गर्भाच्या ऊतींमध्ये तयार होतं. ते नसलेल्या उंदरांच्या गर्भांत आई आणि बाळ यांच्यातला कॅल्शियमचा चढ नाहीसा झाला. या प्रथिनाचा मधला तुकडा दिला की वाहतूक सुधारली. ज्या टोकामुळे ते पॅराथायरॉइड संप्रेरकासारखं वागतं, ते टोक त्या तुकड्यात नसतं.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. त्याची तीव्र कमतरता असलेल्या आईचं बाळही जन्मताना बहुधा सर्वसाधारण कॅल्शियम घेऊन येतं. ड जीवनसत्त्वाचा ग्राहक (रिसेप्टर) नसलेल्या उंदरांच्या गर्भांतही कॅल्शियम ठीक असतं. पण जन्मानंतर कॅल्शियम आतड्यातून घ्यावं लागतं, आणि आतड्याचं काम ड जीवनसत्त्वावाचून लवकरच अडतं. बाळाच्या अंगातला ड जीवनसत्त्वाचा पहिला साठा आईकडूनच, वारेतून आलेला असतो, आणि आईच्या दुधात ते फार कमी असतं. नवजात बाळाला रोज ४०० युनिटं देण्याची शिफारस याच कारणाने केली जाते. कमतरतेचा फटका पोटात असताना क्वचितच दिसतो. तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी झटके किंवा मुडदूस होऊन दिसतो.

आईच्या बाजूचा मोठा बदल आतड्यात होतो. एरवी खाल्लेल्या कॅल्शियमपैकी पाव भाग शोषला जातो, गरोदरपणात हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. आणि ते पहिल्या तिमाहीतच सुरू होतं, बाळाची मागणी वाढण्याच्या कितीतरी आधी.

तपासणीच्या कागदावर मात्र आईचं एकूण कॅल्शियम कमी झालेलं दिसतं आणि घाबरगुंडी उडते. रक्तद्रव वाढल्याने अल्ब्युमिन पातळ होतं, आणि रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. मुक्त, म्हणजे आयोनाइज्ड कॅल्शियम बघावं. ते निरोगी गरोदरपणात बदलत नाही.

कुठे काय बिघडतं

सगळ्यात बोलका बिघाड टीआरपीव्ही-६ चा. २०१८ साली असं दिसून आलं की काही नवजात बाळांत या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. पोटात असताना त्यांना पुरेसं कॅल्शियम मिळालं नाही. मग त्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथींनी जोर धरून हाडांतून कॅल्शियम काढलं. बाळं जन्मली ती बारीक, मोडकी बरगडी घेऊन, आणि छाती अरुंद म्हणून श्वासाला त्रास. जन्मानंतर कॅल्शियम तोंडावाटे मिळू लागलं तशी ती सुधारली. आतड्याला इतर मार्ग असतात, वारेला तेवढे नसतात.

आईच्या पॅराथायरॉइडचा परिणाम आरशातल्यासारखा उलटा होतो. तिच्या ग्रंथी जास्त काम करत असतील तर बाळाला कॅल्शियम भरपूर पोहोचतं, बाळाच्या ग्रंथी झोपून राहतात, आणि नाळ कापल्यावर त्या वेळेत जाग्या होत नाहीत. बाळाला झटके येतात, कधी कधी जन्मानंतर काही आठवड्यांनीही. आईचा आजार बाळाच्या झटक्यांमुळे पहिल्यांदा सापडल्याची उदाहरणं आहेत. उलट आईच्या ग्रंथी काम करत नसतील आणि उपचार अपुरा असेल, तर बाळाच्या ग्रंथी वाढतात आणि हाडं झिजतात.

नाळ कापल्यावर निरोगी बाळाचंही कॅल्शियम उतरतं. २४ ते ४८ तासांत ते तळ गाठतं आणि मग ग्रंथी सावरतात. वेळेआधी जन्मलेलं, जन्मताना गुदमरलेलं किंवा मधुमेही आईचं बाळ असेल तर हा उतार खोल जातो. मधुमेहात आई लघवीतून मॅग्नेशियम गमावते, बाळालाही ते कमी मिळतं, आणि मॅग्नेशियमशिवाय पॅराथायरॉइड संप्रेरक नीट सुटत नाही. अशा बाळाला नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही. मॅग्नेशियमही तपासावं लागतं.

जास्त मॅग्नेशियमही चांगलं नाही. प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार) झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट दिलं जातं. त्याचा एक-दोन दिवसांचा वापर हा वेगळा विषय. पण मुदतपूर्व कळा थांबवण्यासाठी ते सलग पाच ते सात दिवसांहून जास्त दिल्यास बाळाचं कॅल्शियम कमी होऊन हाडं विरळ होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली तसा इशारा दिला आहे.

प्रीएक्लॅम्प्सियातल्या वारेच्या पेशींत दरवाजे, धरणारी प्रथिनं आणि पंप तिन्ही कमी झालेले आढळले आहेत. हे कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या समाजांत कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका घटतो, असं मात्र मानलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशा ठिकाणी दिवसाला १.५ ते २ ग्रॅमची आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, भारत आणि टांझानियात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यात ५०० मिलिग्रॅम हे १५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी पडलं नाही. हे सगळे आकडे मूळ कॅल्शियमचे आहेत, गोळीच्या वजनाचे नाहीत. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणून १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. सायट्रेटमध्ये ते साधारण २१ टक्केच. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच नीट शोषलं जातं. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं, आणि लोहाच्या गोळीपासून काही तास दूर ठेवावं, कारण दोन्ही एकत्र घेतली की लोहाचं शोषण घटतं. किती आणि किती दिवस, हे ज्याच्या-त्याच्या आहारावर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावर ठरतं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'वारेत कॅल्सिफिकेशन, ग्रेड ३' वाचून पुष्कळजणी गोळ्या बंद करून टाकतात. हे पांढरे ठिपके वर सांगितलेल्या वाहतुकीतून सांडलेलं कॅल्शियम नव्हे. वारेच्या जुन्या, झिजलेल्या भागांत साचलेले ते क्षार असतात. १९७९ सालापासून वापरात असलेल्या शून्य ते तीन या श्रेणी फक्त दिसण्यावरून दिल्या जातात. दिवस भरत आल्यावर ग्रेड ३ दिसणं नेहमीचंच. तेच बत्तिसाव्या आठवड्याच्या आधी दिसलं, आणि सोबत रक्तदाब वाढलेला असेल किंवा आई धूम्रपान करत असेल, तर बाळाची वाढ, गर्भजल आणि नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर बघावा लागतो. गोळ्या चालू ठेवायच्या की नाहीत, हे या ठिपक्यांवरून ठरवत नाहीत.